गोदूची न सारवलेली भिंत

गोदूने सारवलेली जमीन बघायला आमच्या आळीतल्या बाया मुद्दाम जात. तिच्या सारवणावर बोटांच्या रेघा उठत नसत. तिचं नाव झालं ते या कामात, आणि ती अडकली तीही याच कामात.

तिचा नवरा बाळाजी मुरूड ते आगरदांडा टांगा हाकायचा. घोडी बांधायची जागा घराला लागूनच; मधे एक कुडाची भिंत. त्या भिंतीशी त्यांची चार वर्षांची राही निजायची. अठ्ठावन्न सालच्या ज्येष्ठात घोडीला ताप भरला. भिंतीला डोकं टेकून उभी राहायची, नाहीतर गोल गोल फिरायची. चौथ्या दिवशी मेली. आठवड्यात शेजारच्या सदूची मुलगी काशी तशाच तापात, झटके येऊन गेली.

अलिबागहून डॉक्टर आले. म्हणाले, हा मेंदूचा ताप घोड्याला होतो तसा माणसालाही होतो, आणि दोघांना देतो तो डासच. मागोमाग घरोघर डीडीटीची पावडर मारणारे आले. भिंतीवर बसलेला डास मरेल, पण पुढच्या फेरीपर्यंत भिंतीला शेणाचा हात लावू नका, असं बजावून गेले. बाळाजीने पोटासाठी दुसरा घोडा आणून त्याच जागी बांधला.

पंधरा दिवसांत गोदूची सासू बायजा म्हातारपणाने गेली. आमच्यात दहाव्याला जमीन आणि भिंती सारवल्याशिवाय सूतक फिटत नाही. माझे सासरे भागोजी आळीतले जाणते. गोदू त्यांच्याकडे येऊन म्हणाली, जमीन सारवते, भिंत तेवढी राहू दे. ते म्हणाले, अर्धं सूतक कुठं फिटतं काय? बाळाजी शेण आणायला उठला. सुतकातल्या माणसाच्या टांग्यात कोण बसणार होतं?

गोदूने भिंत सारवली. मी शेणात पाणी ओतत होते. पांढरे डाग झाकले जात होते आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चालत मुरूडला गेली, तेवढ्या एका भिंतीला पुन्हा पावडर मारून द्या म्हणाली. तिथला पावडरवाल्यांचा मुकादम हसला. "सांगितलं होतं ना? हाताला खाज सुटली होती काय बाई?" फेरीशिवाय पावडर मिळणार नाही म्हणाला. मग तिने राहीला खाडीपलीकडे दिघीला आईकडे ठेवलं. तिच्या आईने पावडरची भिंत तशीच राखली होती. दोन महिने गोदू दिघीहून तरीची होडी यायची वेळ झाली की दारात येऊन उभी राहायची. राहीला भेटायला मात्र दोनदाच गेली. घोडा, गवत, चूल कोणावर टाकणार?

भाद्रपदात पावडरवाले पुन्हा आले. राही घरी आली. पण आठच दिवसांवर पितृपक्ष, आणि बायजाच्या नावाने वाढायचं पहिलंच पान; त्याआधीही आमच्यात भिंती सारवाव्या लागतात. सासऱ्यांनी गोदूला दारातूनच विचारलं, भिंत कधी सारवतेस?

"आता न्हाय, आबा. मी मेले की सारवा."

"मग बायजाच्या पानाला आळीतला कोण येईल?"

"न्हाय आले तर न्हाय. सासूबाईंची नात जिती हाय, ती जेवंल."

पानाच्या दिवशी गोदूने वडे, खीर, सगळं केलं. आळीतलं कोणी गेलं नाही. मला जायचं होतं. सासरे ओटीवर बसले होते, त्यांच्यासमोरून जायचं धैर्य झालं नाही. देवाला हात जोडून मी घरातच राहिले.