मझौलीचं स्थळ

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. आईपाशी नाही, विहारात डोळे मिटून बसल्यावर स्वतःशीसुद्धा नाही. तुला सांगून राहिले — पण मधे टोकू नको गं. थांबले तर पुन्हा गिळून टाकीन.

माझी धाकटी बहीण सुषमा. गोरी, नाकीडोळी नीटस. मला पाहायला आलेले पाहुणे चहा माझ्या हातचा प्यायचे आणि चौकशी तिची करायचे. शेवटी बाबांनी तिचंच आधी उरकलं. मुलगा भोपाळचा, रेल्वेत नोकरी. तिच्या लग्नात मी पंगती वाढत होते आणि मनात एकच — काहून मी नाही?

वर्षही झालं नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून सुषमा आमच्या मदन महल भागातल्या घरी आली होती. त्याच आठवड्यात भोपाळला गॅस सुटला. जावई गेले. ती इथं होती म्हणून वाचली.

मी रडले. खोटं नाही रडले, शप्पथ. पण तिचं डोकं मांडीवर घेऊन रडताना मनात आलं — चला, आता आपण दोघी सारख्याच. असं कोणी मनात आणते का? मी आणलं.

आमच्यात विधवेचं लग्न लावायला कोणी आडवं येत नाही. दोन-तीन वर्षांनी मझौलीचं एक स्थळ आलं. शाळामास्तर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, बाळही गेलेलं. माणूस भला. ते आपल्या आईला घेऊन यायचे होते, त्या दिवशी सुषमा किती तरी काळानं आरशासमोर बसली. मलाच म्हणाली, "ताई, वेणी घालून दे ना." घातली. तिला दुसऱ्यांदा — आणि मला एकदाही नाही? दोनदा सोडून पुन्हा घातली. तिला वाटलं, ताई खूश आहे.

मास्तरांच्या आईला हात धुवायला मीच मागच्या नळावर नेलं. म्हातारीनं सहज विचारलं, "पोरगी तब्येतीनं बरी आहे नं?"

हो म्हणायचं होतं. तेवढंच. मी आवाज खाली आणला — "मावशी, तुमच्यापासून काय लपवायचं? ती त्या रात्री भोपाळलाच होती. गॅस छातीत गेला. डॉक्टर म्हणतात, लेकरू व्हायचं नाही."

म्हातारीनं टॉवेल माझ्या हातात परत दिला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरं झालं बाई, तू सांगितलं."

निरोप आला — गॅसवाली मुलगी नको. सुषमा वेडीपिशी झाली. "अगं, पण मी तर इथंच होते! ताई, तू तरी जाऊन सांग ना त्यांना!" सांगते, म्हटलं. गेले नाही. बाबा म्हणाले, लोकच अडाणी, भोपाळचं नाव ऐकलं की घाबरतात. सगळ्यांना पटलं. तेव्हा असं होतही होतं ना! ती गोष्ट मग नात्यागोत्यात फिरली, आणि तिला पुन्हा कोणी मागणी घातली नाही. मलाही नाही.

आता आम्ही दोघी विजय नगरला राहतो. डिसेंबरात टीव्हीवर जरा वेळ भोपाळ दाखवतात, मग क्रिकेट. विहारात गॅसमधे गेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावायला येणारेही कमीच झाले. सुषमा मात्र चुकवत नाही. यंदा तिथं शेजारची नवी सून तिला म्हणाली, "मौसीजी, अब कब तक याद करोगी? छोड़ दो."

"कैसे छोड़ूँ बेटा," सुषमा म्हणाली, "त्या गॅसनं माझे दोन संसार खाल्ले. एक भोपाळचा, एक मझौलीचा."

दुसरा गॅसनं नाही खाल्ला. मी शेजारीच बसले होते. मान डोलावली. बायका तिच्याभोवती जमल्या, कोणी पाणी दिलं, कोणी पदरानं तिचे डोळे पुसले — आणि खरं सांगू? माझा जळफळाट झाला. या वयात!

घरी येताना रस्ता ओलांडायला तिनं माझा हात धरला. म्हणाली, "ताई, तू होतीस म्हणून निभलं गं माझं."

मी "हो" म्हटलं.