कडुनिंबाच्या गल्लीतलं माझं संशोधन

काय सांगू, असा गाढवपणा शिकून-सवरूनच करता येतो! अडाणी माणसाला जमायचा नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून मद्रासला शिकायला गेलेलो. जागतिक आरोग्यावर स्वतंत्र संशोधन करायचं होतं, आणि ते चांगलं झालं तर आमच्या मॅडम परदेशातल्या शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र देणार होत्या. त्या पत्रासाठी माझा जीव टांगणीला लागलेला. विषय घेतला, 'साथीचे ताप : जगापुढील आव्हान'. आणि जग म्हणजे कुठलं? तर एग्मोर स्टेशनामागची एक गल्ली!

राहायला होतो त्याच गल्लीच्या तोंडाशी, सरस्वतीकाकूंकडे. तंजावरकडच्या मराठी बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. घरात दोनशे वर्षांपूर्वीची मराठी, मधे मधे तमिळ. "कोठे चाललास रे? ऊन ठावकी नाही तुला?" असं विचारायच्या. मी मनात हसायचो. ज्यांना धड मराठी येत नाही त्यांना आपण काय विचारायचं? हा माझा माज!

तीन तमिळ प्रश्न पाठ केले आणि गल्लीत शिरलो. बघतो तर काय, दारोदारी कडुनिंबाचे डहाळे! पाडवा होऊन जेमतेम आठवडा झालेला. मला गहिवरून आलं. म्हटलं, अरे, ही तर सगळी आपलीच माणसं! काकूंसारखी तंजावरी मराठी कुटुंबं, भाषा विसरली पण गुढीपाडवा नाही विसरली!

मग काय विचारता. दिसला डहाळा की शिर घरात. बायका दार अडवून "वेंडाम, वेंडाम" म्हणायच्या, म्हणजे नको, नको. मी म्हटलं, घर आवरलेलं नसेल, लाजतायत बिचाऱ्या. "मराठी, मराठी!" असं छातीवर हात मारून सांगायचं आणि सरळ आत. एका दारी तर मी डहाळ्याची चार पानं तोडून चावली, पाडव्याला खातात तशी! त्या घरातल्या आजीबाईंनी मला चक्क हात जोडले. मला वाटलं, काय हे संस्कार!

"घरात कुणी आजारी?"

"इल्लै." नाही.

"कुणाला ताप?"

"इल्लै."

प्रत्येक घरात कुणी ना कुणी कोपऱ्यात चटईवर पांघरूण घेऊन पडलेलं. भर दुपारी! मी तुच्छतेनं मान हलवली आणि वहीत लिहिलं, 'दुपारी झोपण्याचे प्रमाण लक्षणीय.' हसू नका, खरंच लिहिलं!

दोन आठवडे खपून अहवाल केला. निष्कर्ष : सदर गल्लीत साथीच्या तापाचा एकही रुग्ण नाही. कारण : मराठी वस्तीची उपजत स्वच्छता.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला. "त्या गल्लीत मराठी लोक राहतात हे कुणी सांगितलं?"

"दारावर कडुनिंब होता ना, मॅडम!" मी मान खाजवत म्हणालो. सकाळपासून अंग तापलेलं आणि मान खाजत होती.

त्यांनी वाकून माझी मान नीट बघितली. मग शांतपणे म्हणाल्या, "घरी जा. शर्ट काढून आरशात बघ. आणि अहवाल परत घेऊन जा, ती गल्ली मी दुसऱ्या कुणाकडून मोजून घेते."

अंगभर कांजिण्या!

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो! अरे, ज्या घरी अम्मन येते त्या दारी कडुनिंब लावतात. बाहेरच्यानं आत येऊ नये म्हणून!"

"पण मी विचारलं ना! सगळ्या नाही म्हणाल्या!"

"देवी घरी आली, तिला आजार कोण म्हणेल? तुझ्या आजीनं म्हटलं होतं का कधी?"

नव्हतं म्हटलं. आमची आजीसुद्धा 'देवी आल्या' असंच म्हणायची. हे मला पुण्यापासून ठाऊक होतं, आणि तरी मी तापाचं संशोधन करायला तापाच्याच घरात शिरून पाडवा साजरा करून आलो!

मी चटईवर पांघरूण घेऊन पडलो. काकूंनी दारावर कडुनिंब लावला आणि उशाशी बसून माझा अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला.

दोन दिवसांनी दुपारी मॅडमनी पाठवलेली नर्स आली. खिडकीतून मला दिसत होती. ती पायरीसुद्धा चढली नाही. तिनं रस्त्यावरूनच डहाळ्याकडे बघितलं आणि वहीत एक रेघ ओढली. झालं तिचं संशोधन! मला राहवेना. आतूनच ओरडलो, "अहो, घरात कुणी आजारी आहे का, एवढं तरी विचारा!"

तिनं काकूंकडे बघितलं. काकू दारातच उभ्या होत्या.

"इल्लै," काकू म्हणाल्या, "आमच्या मराठी घरांत दुपारी झोपायची चाल आहे."