कोपऱ्यावरच्या शिंपल्या

दवाखान्यातल्या थोरल्या सिस्टरना सगळे 'जमादारीण' म्हणत. त्यांच्या वॉर्डात चादरीलासुद्धा विचारल्याशिवाय सुरकुती पडायची सोय नव्हती.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला एक रंगारी आला. "ओठांना मुंग्या येतायत, जीभ जड झालीय." अशक्तपणा असेल म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सिस्टरनीही मान डोलावून त्याला घरी धाडलं. दोन वाजता चौघांनी त्याला उचलून आणलं. हातपाय लुळे, श्वास अडकलेला. पाठोपाठ एक शिक्षिका आली, तिच्याही ओठांना मुंग्या. सिस्टर तिच्याकडे वळल्या.

"जेवणात काय होतं?"

"शिंपल्या. बाजारात कोपऱ्यावर बाई बसते ना, तिच्याकडच्या. चांगल्या उकळल्या होत्या हो."

रंगाऱ्याच्या बायकोनेही तेच सांगितलं. कोपऱ्यावरची बाई म्हणजे सिस्टरची सख्खी नणंद.

शिंपल्यांतून असं विष भिनतं, हे सिस्टरनी ऐकलं होतं. त्यांनी आरोग्य खात्यात फोन लावला. साहेब म्हणाले, "तपासणीचा अहवाल आल्याशिवाय विक्री बंद करता येत नाही." सिस्टर गणवेशातच बाजाराकडे निघाल्या. नणंद एकीच्या पिशवीत शिंपल्या ओतत होती. सिस्टरनी टोपलीवर हात ठेवला.

"विकू नकोस. माणसं मरायला टेकलीत."

"वहिनी, पहाटेचा माल आहे! वास घेऊन बघ."

"या विषाला वास नसतो गं. उकळूनही ते जात नाही."

"सगळ्यांदेखत माझं नाक कापतेस? घरी सांगायचंस!"

"तोवर आणखी दहा घरांत चूल पेटली असती. सकाळपासून कुणाकुणाला दिल्यास, आठव."

नणंद घुश्श्यातच होती, पण गिऱ्हाईक म्हटलं की तिला घर, जिना, दाराचा रंगसुद्धा पाठ. सतरा घरं निघाली. दोघी दारोदार फिरल्या. नऊ घरांतली पातेली अजून चुलीवर होती, ती ओतून टाकायला लावली. बाकीच्यांतले पाच जण त्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात आणले.

तोवर रंगारी गेला होता.

"त्याला मीच दिल्या," नणंद बाकावर बसत म्हणाली.

"आणि मी त्याला घरी धाडलं."



बाकी सगळे वाचले. तिसऱ्या दिवशी अहवाल आला: समुद्रात विषारी शेवाळ माजलं होतं, ते शिंपल्यांच्या पोटात साठलं होतं. दीड महिना किनाऱ्यावर शिंपल्या काढायला बंदी राहिली. आता मालाची तपासणी झाल्याशिवाय नणंद टोपली उघडत नाही. तरी जुनी गिऱ्हाइकं तिच्याकडे न बघता पुढे जातात. कामावरून परतताना सिस्टर रोज तिच्यापाशी थांबतात, चार शिंपल्या मुद्दाम सगळ्यांदेखत निवडून घेतात. नणंद त्या पिशवीत घालते. बोलत मात्र नाही.