न ओढलेली रेघ

पुण्याच्या एका ऑडिओ कंपनीने शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरच्या सुमन राठोड यांची गोष्ट चोरली. आणि तो चोरीचा माल तपासायला माझ्याकडेच पाठवला. चोरलेली म्हैस मालकाच्या शेजाऱ्याच्याच गोठ्यात आणून बांधावी, तसं झालं.

माझा धंदा आधी सांगतो, कारण तो ऐकून लोक हसतात. औंढ्यात बसस्टँडमागे माझं ऑफिस आहे. मोबाईलवर ऐकायच्या लांबलचक मालिका बनवणाऱ्या कंपन्या मला स्क्रिप्ट पाठवतात आणि मी त्यातल्या माणसांचा नेटवर्क ग्राफ बनवून देतो. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. दोघं समोरासमोर बोलले की त्यांच्यात एक रेघ. जास्त बोलले की रेघ जाड. कॉम्प्युटर जवळच्यांना जवळ ओढतो, लांबच्यांना लांब ढकलतो, आणि स्क्रीनवर जाळं तयार होतं. एका मालिकेवर अनेक लेखक काम करतात. एकाने मारलेला मामा दुसरा लेखक लग्नात जेवायला बसवतो. असल्या चुका जाळ्यात लगेच दिसतात. मी कॉलेजात गेलेलो नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात जुने मोबाईल विकायचो. हे काम व्हिडिओ बघून शिकलो, आणि माझा भाव मीच ठरवतो.

सुमनताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या फोनमध्ये पूर्ण गोष्ट रेकॉर्ड केलेली होती. हळद शिजवायच्या दिवसांत भट्टीशेजारी बसून त्या बोलत गेल्या होत्या. मागे जाळाचा आवाज ऐकू येतो. गोष्ट तांड्यावरच्या जमुना नावाच्या सुनेची. तिचं घर आणि तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाचं घर यांचं जमत नाही. दोन्हीकडे जाते ती एकटी कासारीण. बांगड्या भरता भरता इकडची बातमी तिकडे नेते. ताईंना ती पुण्याच्या त्या कंपनीला द्यायची होती आणि कंपनीला गोष्टीसोबत पात्रांचा नकाशा पाहिजे होता, म्हणून ताई माझ्याकडे आल्या.

शेवटचा भाग ऐकायचा बाकी होता, त्याच्या आधीच्या भागांचा मी ग्राफ काढला आणि अडलो. जमुना आणि तिचा थोरला दीर एका घरात राहतात, एका चुलीवरची भाकर खातात, आणि त्यांच्यात रेघच नाही. मला वाटलं, एखादा भाग रेकॉर्ड करायचा राहिला असेल. तसं विचारलं.

"राहिला न्हाई भाऊ," ताई म्हणाल्या. "थोरल्या दिरासमोर आमी तोंड उघडत न्हाई. पदर पुढं घ्यायचा, अन् ते दिसले की बाजूला व्हायचं. माझ्याच दिरानं माझा आवाज कधी ऐकला न्हाई."

"मग त्यांनी ही गोष्ट ऐकली तर?"

"ऐकू द्या की. मी कुठं बोलून राहिले त्यांच्याशी? फोन बोलून राहिला."

मग शेवटचा भाग ऐकला. त्यात जमुना त्या दिराशी पहिल्यांदा बोलते. सगळी गोष्ट त्या क्षणासाठी आहे. मी ताईंना एवढंच सांगितलं की शेवटचा भाग पाठवू नका. सौदा पक्का होण्याआधी सगळा माल गाडीत भरायचा नसतो. त्यांनी ऐकलं. बाकीचे भाग आणि माझा ग्राफ कंपनीला गेला. काही दिवसांनी उत्तर आलं, की ही कथा आमच्या श्रोत्यांना जवळची वाटणार नाही.

वर्ष उलटलं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या डिपार्टमेंटने मला नव्या मालिकेची स्क्रिप्ट पाठवली. मोठं काम होतं, मी खुशीत होतो. मालिकेत मीरा नावाची सून, बाणेरमधला फ्लॅट, वर-खाली राहणारी दोन कुटुंबं. ग्राफ काढला आणि डोकं तापलं. हे जाळं माझ्या हातून आधी गेलेलं होतं. जुनी फाईल उघडली, दोन्हींतली नावं पुसली आणि एक चित्र दुसऱ्यावर ठेवलं. बराबर बसलं. कासारणीच्या जागी ब्युटी पार्लरवाली होती. आणि जिथे जमुना आणि थोरला दीर, तिथे मीरा आणि मोठा दीर. मध्ये रेघ नाही.

मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. कंपनीचे कंटेंट हेड नीलेश सर आले, आणि स्क्रिप्ट लिहिणारी तन्वी. मी दोन्ही चित्रं दाखवली. सर हसले. कौटुंबिक गोष्टी सगळ्या सारख्याच असतात, म्हणाले. सासू, सुना, जावा असणारच, आणि निरोप पोचवणारी बाईही सगळीकडे असते.

यात थोडं तथ्य आहे. दोन जाळी सारखी दिसली म्हणजे चोरी झालीच, असं नसतं. म्हणून मी जाळं बाजूला ठेवलं आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"सर, तुमची मीरा ऑफिसात भल्याभल्यांना फैलावर घेते. घरी मोठ्या दिराशी एक शब्द बोलत नाही. काहून?"

"टेन्शन आहे त्यांच्यात."

"कशाचं? कोणत्या भागात भांडले?"

सर गप्प. मीही गप्प. बाजारात शिकलोय, प्रश्न टाकला की आपण तोंड मिटायचं. ज्याला शांतता सहन होत नाही, तो नुकसानीत जातो.

तन्वीला सहन झाली नाही. "सर, मला कथेची रूपरेषा दिली होती, त्या ब्रीफमध्येच तसं होतं. दीर आणि मीरा बोलत नाहीत, असं. कारण दिलं नव्हतं, म्हणून मी तसंच ठेवलं."

"ब्रीफ कोणी लिहिलं?" मी विचारलं.

सर म्हणाले, आपण हे नंतर बोलू. कॉल कट झाला.

नंतर त्यांचा फोन आला. वर्षभराचं काम माझ्याकडे देतो म्हणाले, फक्त हा विषय इथेच संपवा. मी असा ओरडलो की शेजारचा चहावाला काय झालं ते बघायला आत आला. माझी मागणी एकच होती. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला म्हणायचं, मूळ गोष्ट सुमन राठोड यांची. सर म्हणाले, नावाचं अवघड आहे. मी त्यांचं काम सोडलं.

मालिका सुरू झाली. मी रोज ऐकतो. त्यांनी माझ्या प्रश्नावर उपाय केलाय. आता मीरा आणि मोठा दीर बाल्कनीत चहा पितात आणि हवापाण्याच्या गप्पा मारतात. राहिलेली रेघ ओढून टाकली. ज्या एका बोलण्यासाठी गोष्ट उभी होती, ते त्यांनी चहात बुडवलं. आता मालिका संपवायची कुठे, ते त्यांना सुचत नाही. ऐकणाऱ्याला कळतं. जमुना काय बोलते ते मी इथे लिहिणार नाही. हे वाचणाऱ्यांत नीलेश सरही असतील.

मागच्या आठवड्यात सुमनताईंचे थोरले दीर ऑफिसात आले. पांढरा फेटा, हातात काठी. धाकट्या भावाने, म्हणजे ताईंच्या नवऱ्याने, त्यांना सगळं सांगितलं होतं. रेकॉर्डिंग ऐकवा, म्हणाले. मी ताईंना फोन करून विचारलं. शेवटच्या भागासकट लावा, त्या म्हणाल्या. म्हाताऱ्याने खुर्ची नको म्हटलं, दाराजवळ खाली बसले आणि भट्टीच्या आवाजासकट सगळं ऐकलं. शेवटचा भाग संपल्यावर फेट्याच्या शेवाने डोळे पुसले.

"आवाज खणखणीत हाय पोरीचा," म्हणाले. मग काठी टेकून उठले. "गोष्ट हिची, तर नाव काहून न्हाई घेतलं त्यांनी?"

या धंद्यातून मी एवढं शिकलो. माणसांची नावं कोणीही बदलतो. पण कोण कोणाशी का बोलत नाही, हे ती माणसं माहीत असल्याशिवाय बदलता येत नाही.

म्हाताऱ्याला उत्तर द्यायचं काम माझं नाही. नीलेश सर, ब्रीफ कोणी लिहिलं त्याचं नाव सांगा, आणि मालिकेवर सुमन राठोड यांचं नाव का नाही, ते तांड्यावर येऊन थोरल्या दिरांना तोंडावर सांगा. तुम्हाला तर त्यांच्यासमोर बोलायची बंदी नाही.