माचू पिच्चूच्या गाडीत दोघी विहिणी

पेरूला आम्ही चौघं जाणार होतो. मी, माझा मुलगा, सून आणि सुनेची आई. तिकिटं मुलाने अमेरिकेतून वर्षभर आधीच काढून ठेवली होती. निघायच्या थोडे दिवस आधी त्याचा फोन आला. दोघांनाही रजा मिळत नाही, तुम्ही दोघी जाऊन या, असं म्हणाला. मग त्याने खरं काय ते सांगितलं. ते दोघं वेगळे होत होते. भांडणतंटा नव्हता, पण ठरलं होतं. तिच्या घरी अजून माहीत नाही, तेव्हा तू काही बोलू नकोस, असंही त्याने बजावलं.

मी आंबा घाटाखालच्या पालीला राहते. आरोग्य केंद्रात नर्स होते, आता निवृत्त आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. वाईट बातमी पोटात ठेवून समोरच्याशी नीट बोलायचं, ही सवय मला नोकरीनेच लावली होती. विहीणबाई कोल्हापूरच्या. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि यजमान ते सोडून कुठे हलत नाहीत. लग्नापासून आमचं नातं मानपानाचंच. सणाला फोन, मी आंबे पाठवायचे, त्यांनी गूळ पाठवायचा, बोलणं कायम अहो-जाहोचं.

मुंबईच्या विमानतळावर भेटलो तेव्हापासून त्या माझ्याशी फार गोड वागत होत्या. खिडकीची जागा मला, गरम पाणी आधी मला. मला वाटलं, बिचारीला काही माहीत नाही. म्हणून मीही जास्तच गोड वागत राहिले. कुस्को या डोंगरातल्या शहरात पोचलो आणि तिथल्या उंचीने त्यांना गाठलं. डोकं धरून बसल्या, उलट्या झाल्या. हॉटेलवाल्यांनी ऑक्सिजन आणून दिला. मी त्यांची नाडी बघत उशाशी बसले. "तुम्हाला किती त्रास देते हो मी," म्हणत त्या रडायला लागल्या. डोकेदुखीच्या मानाने ते रडणं जास्त होतं, पण मी ते विरळ हवेवर ढकललं.

बरं वाटल्यावर माचू पिच्चूला जाणाऱ्या आगगाडीत बसलो. निळे डबे, चकचकीत पितळी दांडे, टेबलांवर पांढरी कापडं आणि ताजी फुलं. विहीणबाईंच्या आग्रहाने आम्ही दोघींनीही रेशमी साड्या नेसल्या होत्या. गाडी नदीच्या कडेने खाली उतरत होती. आंबा घाटातून आयुष्यभर जा-ये केलेली असल्यामुळे डोंगराचं मला नवल नव्हतं. पण इथले डोंगर खिडकीला खेटून उभे होते, माथ्यावर बर्फ आणि पायथ्याला मक्याची शेतं. जेवणात नदीतला मासा होता. छान शिजवला होता, पण समुद्राच्या माशाची चव त्याला नव्हती.

जेवण आटोपलं आणि आमच्या सहलीची व्यवस्था बघणारी मुलगी हसत हसत आली. तिच्या मागे वेटर केक घेऊन, त्याच्या मागे बासरी आणि गिटारवाले. त्या दिवशी आमच्या मुलांच्या लग्नाचा वाढदिवस होता. तिकिटं काढतानाच मुलाने तसं कळवून ठेवलं होतं. मुलं आली नाहीत, तरी आयांना आनंद होईल म्हणून तिने केक तसाच ठेवला होता. वर क्रीमने दोघांची नावं लिहिलेली. वाजंत्री सुरू झाली, अख्खा डबा टाळ्या वाजवू लागला. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने आमच्या दिशेने ग्लास उंचावले.

मी नावांकडे बघितलं आणि मग विहीणबाईंकडे. त्या केककडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला कळलंय," त्या म्हणाल्या.

"तुम्हालाही?"

"लेकीनं शपथ घातली होती, तुम्हाला सांगू नको म्हणून."

ती मुलगी सुरी पुढे धरून उभी होती. आता तिला काय सांगणार? आम्ही दोघींनी मिळून सुरी धरली आणि केक कापला. एकमेकींना घास भरवला. नंतर आम्ही उठून शेवटच्या डब्याच्या उघड्या सज्जात गेलो.

तिथे वारा इतका होता की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. त्यांनी विचारलं, माझ्या पोरीचं काही चुकलं का, स्पष्ट सांगा. माझ्या मनात दोन-चार गोष्टी होत्या. सुट्टीला आली तरी लॅपटॉप सोडत नाही, वगैरे. पण त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर त्या गोष्टींना चूक म्हणायला जीभ रेटेना, आणि मी तसं सांगून टाकलं. त्यांनाही जावयाबद्दल बोलायचं होतंच. आमच्याकडे आला की लॉजवर उतरल्यासारखा बसतो, म्हणाल्या. मला हसू आलं, कारण तो माझ्याकडेही तसाच बसतो. पण यासाठी कुणी संसार मोडत नाही. खरं कारण आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

गाडीतून उतरून बसने वर माचू पिच्चूला गेलो. छपरं नसलेली दगडी घरं, खाली उतरत गेलेल्या शेताच्या पायऱ्या. आमच्याकडे आवाराभोवती दगडांचा गडगा रचतात तोही चुन्याशिवायच, पण त्याच्या फटीत सापसुद्धा शिरतो. इथल्या दगडांत सुरीचं पातंही सरकेना. गाईड म्हणाला, लोक इथे शंभरेक वर्षंच राहिले आणि निघून गेले. का गेले ते नक्की कुणालाच माहीत नाही. "इतकं बांधून सोडवतं तरी कसं?" विहीणबाईंनी विचारलं. मी ते सहलीवाल्या मुलीला मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि तिने गाईडला. त्याने खांदे उडवले आणि तो पुढच्या भिंतीकडे वळला.

उतरताना पायऱ्या उभ्या होत्या. विहीणबाईंना भीती वाटली. मी पुढे झाले आणि त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाय टाकत आल्या. खाली गवतावर बसून त्यांनी आमचा दोघींचा फोटो काढला आणि दोन्ही मुलांना पाठवला. सोबत काही लिहिलं नाही.

त्याच वर्षी मुलांच्या घटस्फोटाची कागदपत्रं झाली. आमचं बोलणं मात्र वाढलं. आता आठवड्यातून एकदा तरी त्यांचा फोन येतो. दुकान, गुडघे, भाजीचे भाव, काहीही चालतं. गेल्या हिवाळ्यात मुलगा घरी आला असताना त्यांचा फोन वाजला. माझे हात पिठाचे होते, म्हणून त्याने उचलला. नाव बघितलं नव्हतं बहुतेक. आवाज ओळखल्यावर म्हणाला, "आई, मी बोलतोय." त्यांना तो पहिल्यापासून आईच म्हणायचा. पलीकडून त्या बराच वेळ बोलत होत्या आणि हा नुसता हो, हो म्हणत उभा होता. मी भाकरी थापत राहिले. फोन ठेवून त्याने तोंड धुतलं आणि पाटावर येऊन बसला. मी पहिली भाकरी त्याच्या ताटात वाढली.