कागदावरची अडीच वर्षं

माझ्या एका विद्यार्थ्याला कुठलीही अडचण सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं असे. "पलून बघू, गुरुजी." त्याच्या गावात 'ळ' कुणाच्याच जिभेवर नव्हता, त्यामुळे जन्मभर पळूनही तो पलतच राहिला. एकदा कासू स्टेशनवर मी उतरलो आणि माझी पिशवी गाडीतच राहिली. पिशवीत चौथीच्या उत्तरपत्रिका. गाडी हलली होती. मी फलाटावर उभा राहून "अहो, अहो" करत होतो, कुणाला ते माझं मलाही माहीत नव्हतं. हा तिथेच होता. "पलून बघू," म्हणाला आणि सुटला. फलाट संपायच्या आत पिशवी त्याच्या हातात होती, आणि ती खिडकीतून देणाऱ्या बाईंचे आभारही मानून झाले होते. परत आला तेव्हा त्याला धापसुद्धा लागली नव्हती. मला मात्र नुसतं बघून लागली होती.

हा मनुष्य फुटबॉल खेळायचा, आणि नुसता खेळायचा नाही, त्यावर जगायचा. फॉरवर्ड होता. पेणचे गणपती परदेशी जातात हे तुम्हाला ठाऊक असेल. पण इकडचं माणूस चेंडू मारायला परदेशी जातं, हे आमच्या तालुक्याने त्याच्यामुळे पाहिलं. मालदीव, बांगलादेश, ओमान, भूतान अशा चार देशांतल्या क्लबांनी त्याला पगार दिला. लोक मला विचारतात, गुरुजी, तुम्हीच ना त्याचे पहिले शिक्षक? मी हो म्हणतो आणि विषय बदलतो. खो-खोपलीकडे मला खेळातलं काही कळत नाही. मी त्याला फक्त एक वय दिलं, आणि तेही खोटं.

त्याचं असं झालं. त्याची आई मिठागरावर कामाला. डोक्यावरून पाट्या वाहायची आणि हे पोर मागे मागे. पोर एका जागी उभं राहिलं तर शपथ. रचलेल्या मिठाच्या राशीला खालून लाथा मारायचं, की वरचं मीठ घसरून चिखलात. मुकादम तिला म्हणाला, पोराला घरी ठेव नाहीतर तूही घरी राहा. घरी ठेवायला घरी कोणी नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी ती त्याचं मनगट धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"गुरुजी, याला बसवून घ्या. नायतर माझं काम जातंय."

मी जन्मतारीख विचारली. भात झोडत होतो, ती म्हणाली, दत्तजयंतीची दुसरी सकाळ होती. साल? खाडीच्या बांधाला खांड पडून सगळ्या शेतात खारं पाणी शिरलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी. ते साल मला ठाऊक होतं. बोटांवर हिशेब केला तर पोर साडेतीन वर्षांचं. पहिलीला लागतात सहा. मी पोराकडे पाहिलं, तर ते माझ्या टेबलाच्या पायाला लाथा मारत होतं. मी लेखणी उचलली आणि जनरल रजिस्टरात एक जून लिहिलं, वर्ष असं लिहिलं की सहा पुरी व्हावीत. आमच्या पिढीच्या मास्तरांनी निम्म्या महाराष्ट्राला एक जूनला जन्माला घातलं आहे. त्यात आणखी एक.

ती बाई माझ्या पाया पडायला लागली, तेव्हा मला आपण फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. वयाने लहान असल्यामुळे त्याला वर्गात काही कळायचं नाही, पण मधल्या सुट्टीत त्याचं राज्य. अडीच अडीच वर्षांनी मोठ्या पोरांत खेळायचं, तर अंगाला अंग भिडवून चालत नाही. मोठं पोर येण्याआधी तिथून निघालेलं बरं, हे तो तिथेच शिकला. पुढे त्याच्या खेळाबद्दल जे कोणी लिहिलं त्यात हेच असायचं, की बचावातला खेळाडू पोचतो तेव्हा हा तिथे नसतो.

माझ्या पुण्याचं पहिलं फळ त्याला पेणला मिळालं. चौदा वर्षांखालच्या मुलांची निवड होती. गडी अंगाने बारा-तेराचा, कागदाने पंधराचा. तिथल्या सरांनी दाखला पाहिला आणि त्याला रेषेबाहेर बसवलं. दुसऱ्या दिवशी मी शरमून त्याच्याशी बोलायला गेलो, तर हा उलट माझीच समजूत घालायला लागला. मोठ्यांच्या गटात खेलतो ना, गुरुजी. पलून बघू.

आणि त्याने पळून पाहिलं. दहावी झाल्यावर रोह्याच्या एका कारखान्याने त्याला पॅकिंग खात्यात घेतलं. पॅकिंग नावाला, खरं काम कारखान्याच्या संघात गोल मारणं. तिथून मुंबई, तिथून गोवा, आणि एके दिवशी त्याची आई मला सांगत आली की पोरगा बेटावर गेला.

दर पावसाळ्यात सुट्टीला आला की एक संध्याकाळ माझ्या घरी. खुर्चीत कधी बसायचा नाही. बोलता बोलता आमच्या हिच्या टोपलीतलं लिंबू पायावर घ्यायचा आणि ते खाली न पाडता चार देश सांगायचा. मालदीवला मैदान एवढंसं, जोरात मारला की चेंडू समुद्रात, आणि चेंडू आणायला होडी. चहूकडून खारं पाणी, म्हणाला, मला तर आपल्या गावातच आल्यासारखं वाटलं. ढाक्याला सामना हरले तर मासेवालासुद्धा बोलत नसे आणि जिंकले तर पैसे घेत नसे. भूतानला हवाच विरळ. पहिला आठवडाभर हा पळायचा कमी आणि जांभया द्यायचा जास्त. मस्कतच्या उन्हात प्रशिक्षक सगळ्यांना मिठाच्या गोळ्या द्यायचा. या गोळीवर हा इतका हसला की प्रशिक्षकाला वाटलं, ऊन लागलं. "माझ्या आयेनं डोक्यावरून वाहिलं, गुरुजी, ते हे लोक चघलायला देतात." लिंबू अजून पायावरच असायचं. शेवटी ही म्हणायची, ठेव रे बाबा ते, मला सरबत करायचंय.

वयाचा विषय मी कधी काढत नसे. तो मात्र रंगवून सांगायचा. फुटबॉलात, म्हणाला, सगळे वय चोरतात. पासपोर्टात चोवीस आणि घरी पोरगी लग्नाची. ढाक्याला त्याच्या खोलीतल्या जोडीदाराने एका रात्री आपलं खरं वय सांगितलं आणि विचारलं, तुझं किती? हा म्हणाला, माझं कागदापेक्षा अडीच वर्षांनी कमी आहे. जोडीदाराला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो खाटेवरून खाली आला. सकाळी न्याहारीला अख्ख्या संघाला ठाऊक झालं होतं की जगाच्या पाठीवर एकच फुटबॉलपटू आहे ज्याने वय वाढवून घेतलं. त्या मोसमात त्याला सगळे 'नाना' म्हणत, म्हणजे तिकडचे आजोबा. सांगताना तो हसायचा, ही हसायची, आणि मीही हसत असे, पण मला हसू येत नसे.

मग ते वर्ष आलं. बेटावरच्या त्याच्या पहिल्या क्लबाने त्याला परत बोलावलं होतं, दोन मोसमांसाठी. प्रशिक्षक ओळखीचा, जागा ठरलेली. फक्त बाहेरचा खेळाडू चौतीसच्या आतला हवा, असा त्यांचा नियम. एक जूनला कागदावर त्याला चौतीस पुरी झाली. खरा तो साडेएकतीस वर्षांचा होता. त्याने सांगून पाहिलं. तिकडचा माणूस फोनवर हसला. म्हणाला, सगळे हेच सांगतात.

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे काही मागायला आला. लिंबाला हात लावला नाही. "गुरुजी, माझ्या पायात अजून खेल हाय. तो संपला की मी सोताहून थांबेन. पन संपला नाय अजून."

जन्माची नोंद ग्रामपंचायतीत नव्हती, आईच्या तोंडी सांगण्याला कोण विचारतो? खरं माहीत असलेला आणि लिहू शकणारा माणूस एकच, मी. पेणच्या कचेरीसमोर जाऊन मी प्रतिज्ञापत्र टंकून आणलं. मुलाचं वय मी जाणूनबुजून अडीच वर्षं जास्त लिहिलं, असं त्यात स्वच्छ होतं. वकील ओळखीचे. ते म्हणाले, मास्तर, सही करा, पण समजून करा. रजिस्टर मागवतील, सबंध पान तपासतील आणि मग तुम्हालाही विचारतील. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

बदल्या होत होत मी तेव्हा त्याच शाळेत मुख्याध्यापक होऊन आलो होतो. नोंदीचा क्रमांक उतरवून घ्यायला मी कपाटातून रजिस्टर काढलं आणि ते पान उघडलं. त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. त्याचं बोट नावांवरून खाली आलं. चौदा नावं, चौदाही एक जून.

"सगले एकाच दिवशी? तुमी मास्तर होता की सुईन?"

मला हसू आलं. तो मात्र पुढे ती नावं वाचत गेला. एक पोलिसात, एक एसटीत कंडक्टर, दोघे रोह्याच्या कारखान्यात, एक अंगणवाडीत, त्याच्या शेजारच्या बाकावर बसणारी. पान तपासलं तर यांचं काय होईल, त्याने विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही. काही होणार नाही, किंवा सगळ्यांच्याच मागे चौकशी लागेल. मग मी प्रतिज्ञापत्र पुढे ओढलं आणि पेन उघडलं.

आता खरं लिहायला बसलोय तर हेही लिहितो. त्या तेरा जणांचा विचार माझ्या मनात होता, पण पुढे नव्हता. पुढे माझं पेन्शन होतं. पेन कागदाच्या वर थांबलं आणि थांबलेलंच राहिलं. त्याने ते पाहिलं. माझ्या बोटांतून त्याने पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या खिशाला अडकवलं.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी. ते तेरा जन पोटाला लागलेत. माझ्या पायांचं मी बघतो."

माझं नाव त्याने घेतलं नाही. तेरा म्हणाला, पण त्याने वाचवलेला चौदावा मी होतो. तिथे माझ्यासमोरच त्याने बेटावर फोन लावला आणि सांगितलं की पासपोर्ट बरोबर आहे, वय चौतीस.

त्याला डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे काम मिळालं, शिफ्टचं. मला वाटलं, संपलं. तर रविवारी हा गडी मोजे गुडघ्यापर्यंत ओढून, बुटांच्या नाड्या बांधून हजर. पावसाळ्यात रोह्याच्या मैदानावर चिखलात, भातं कापून झाली की गावच्या शेतात. समोर कोण, तर कारखान्यातले जुने सोबती, पोटं सुटलेली. हा मात्र ढाक्याच्या सामन्याला जावं तसा अर्धा तास अंग मोकळं करणार. गावातल्या बायका चेष्टा करायच्या. त्याची आईसुद्धा म्हणायची, अरे, आता कुणासाठी जीव काढतोस? "माझेच रविवार हायत गो आये," तो म्हणायचा, "खेलून संपवतो."

मीही जायला लागलो. निवृत्त झालो होतो, आणि घरी बसून त्याचा पाय आठवण्यापेक्षा तो पाहिलेला बरा. एकदा मी विचारलं, हे कुठपर्यंत चालायचं? तो म्हणाला, कागदाने मला चौतीसला थांबवलं, नियम नियम आहे. पण चौतीस मला व्हायचंय अजून. झालं की थांबेन.

असे अडीच वर्षांचे रविवार झाले. मग दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, त्याने शिफ्टची रजा टाकली आणि सगळ्यांना गोळा केलं. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आईला आणि मला सोडून. त्या दिवशी त्याने तीन गोल मारले, चौथा हुकला, आणि हुकला म्हणून इतका चिडला की कंपनीतल्या मित्रांना त्याची समजूत घालावी लागली. मग बांधावर बसून तो बूट काढायला लागला. मी शेजारी बसलो. एवढ्या वर्षांत मी ते म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं. मला माफ कर.

तो नाडी सोडवत होता. "लवकर शालेत घेतलंत म्हनून मोठ्यांत पलायला शिकलो, गुरुजी. नायतर मीठच वाहिलं असतं." आणि बूट बाजूला ठेवून म्हणाला, "पन ते दोन मोसम भारी झाले असते." दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं एकही मला दिलासा म्हणून सांगितलेलं नव्हतं.

आता तो इथे नाही. त्याच बेटावर मुलांना शिकवतो. शिकवणाऱ्याला वयाची अट नाही. रविवारी गावातलं शेत रिकामं असतं आणि मी पेणला माझ्या घरीच असतो.

त्याचं नाव, गावाचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. त्या पानावरचे तेरा जण अजून नोकरीत आहेत, त्यांना माझ्यामुळे आणखी त्रास नको. पण सही करायची राहिली होती, ती इथे करतो. जनरल रजिस्टरातली ती नोंद खोटी आहे, माझ्या हाताने केलेली आहे, आणि मला ती करताना माहीत होतं. त्याने खेळ सोडला त्या दिवशी तो चौतीस वर्षांचा झाला. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही.