सुधाताईंच्या गॅरेजमधलं जुनं लाकूड

लाकूड घासायला बसलं की हात अडकलेले आणि तोंड मोकळं! त्यामुळे फरीदाबादला सुधाताईंच्या गॅरेजमध्ये भुशापेक्षा किस्सेच जास्त साचतात. ताई केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झाल्या आणि मोडकं फर्निचर नवं करायला लागल्या. आम्ही चार-पाच मराठी मंडळी दर रविवारी शिकायला जातो.

*

मी पहिल्यांदा गेले ती भंगारात निघालेली खुर्ची घेऊन. ताईंनी नुसतं नख मारलं. "सागवान आहे गं. वर रंगाचे चार थर असतील."

मनात म्हटलं, चक्क फेकतायत! पॉलिश पेपर घेऊन घासत बसले. पांढरा निघाला. मग हिरवा, निळा, चॉकलेटी... आणि खाली सागवान!

*

गुडगावला आयटीत असलेल्या निखिलने बायकोच्या वाढदिवसासाठी जुनी पेटी घेतली. पेटीवर उठावाच्या नक्षीची टेक्स्चर पेस्ट जाड थापली आणि घाईघाईत हेअर ड्रायरने वाळवली. सगळीकडे भेगा!

"ताई, उद्या वाढदिवस आहे यार!" बिचारा रडायचाच बाकी होता.

ताईंनी भेगांत तपकिरी रंग चोळला, वरचा ओल्या फडक्याने पुसला. बस्स! दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अय्या, ही कुठल्या राजवाड्यातली?"

निखिल अजून गप्प आहे.

*

मुनिरकात राहून पीएचडी करणाऱ्या सायलीने सेकंडहँड टेबल आणलं. उलटं केलं तर खाली पेन्सिलने लिहिलेलं: 'पहला अटेम्प्ट'. त्याखाली 'दूसरा'. मग 'तीसरा'. आणि कोपऱ्यात, वाकड्या अक्षरात, 'माँ, हो गया!'

आम्ही आळीपाळीने वाचलं. शेवटी ताई म्हणाल्या, "एवढं मात्र घासायचं नाही."

सायलीने टेबल पिवळंधमक रंगवलं. खालच्या बाजूला फक्त पारदर्शक वॉर्निश.

*

पानिपतहून एक आजोबा बायकोचं ड्रेसिंग टेबल घेऊन आले. आरसा फुटलेला, कडा कुरतडलेल्या. ताईंनी विचारलं, "रंग कौन सा?"

"कोई भी। उसे अब दिखता नहीं।"

ताईंनी आरसा काढूनच टाकला. मेंदीच्या कोनात पेस्ट भरली आणि आठवडाभर बसून टेबलभर उठावदार जाईचा वेल काढला. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले, व्हिडिओ केले.

न्यायच्या दिवशी आजी स्वतः आल्या. दोन्ही हात वेलावरून हळूहळू फिरले. पानं, कळ्या, फुलं.

एका फुलापाशी बोट थांबलं.

"बेटा, बाकी सब में पाँच पंखुड़ियाँ हैं। इसमें चार?"

ताईंनी चष्मा लावला. आम्ही सगळे वाकलो, पाकळ्या मोजल्या.

चारच!

ताईंनी कोन भरला आणि आजींच्या हातात दिला.